न उघडलेल्या पंखाची बिजागरी

मित्रांनो, मी एक जुनी बिजागरी आहे. पण दाराची किंवा खिडकीची नाही. उपग्रहाला उन्हातून वीज देणाऱ्या दोन सौर पंखांपैकी एकासाठी मला घडवलं होतं. हुबेहूब माझ्यासारखी माझी एक बहीण होती. ती उपग्रहाला बसली आणि मी राखीव म्हणून डबीत राहिले.

आम्हाला घडवलं हिमानीनं. ती सौसरजवळच्या रामाकोना गावची. तिचे वडील दादाजी संत्र्याची बाग करतात. झाड आतून वाळत जातं आणि पानं पिवळी पडेपर्यंत कळत नाही, हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. म्हणून नागपूरच्या एका छोट्या कंपनीत ती झाडांचं दुखणं वरूनच ओळखणारा उपग्रह बनवत होती.

अवकाशात तेल टिकत नाही. त्यामुळे आमच्या सांध्यांवर कोरडा, निसरडा, अगदी पातळ लेप दिला होता. उपग्रह तयार झाला तसे पाहुणे येऊ लागले. प्रत्येकाला पंख उघडून दाखवायचे. टाळ्या पडायच्या. माझ्या बहिणीचं फार कौतुक झालं आणि त्या कौतुकातच तिचा लेप झिजत गेला.

उपग्रह पाठवण्याआधी हिमानी तिचे साहेब वीरेंद्र यांना म्हणाली, "सर, लेप घासला असन. राखीव बिजागरी बसवून देऊ का?"

"मस्त उघडून तर राहिली! आता खोललं तर सगळ्या चाचण्या पुन्हा कराव्या लागतीन."

"पण सर, इथं हवा आहे म्हणून..."

"शुभ बोल नं, हिमानी."

सगळे हसले. तिनं माझी डबी पुन्हा कपाटात ठेवली.

रॉकेट नीट गेलं. रामाकोन्यात दादाजींनी पेढे वाटले. वर मात्र एकच पंख उघडला; माझ्या बहिणीचा मिटलेलाच राहिला. लेप गेलेला धातू हवा नसलेल्या निर्वात जागी धातूलाच चिकटून बसतो. बहुधा तेच झालं असावं. वर जाऊन बघणार कोण? उपग्रह सूर्याकडे वळवून पाहिला, हलवून पाहिला. पृथ्वीभोवतीच्या दर फेरीला त्याचा रेडिओवरचा आवाज क्षीण होत गेला. हिमानी खुर्चीवरून उठेना. शेवटी उत्तर येणंच थांबलं.

"तू म्हटलं होतं," वीरेंद्र खाली मान घालून म्हणाले.

"एकदाच म्हटलं, सर."

कंपनीनं ते काम बंद केलं. हिमानी मला पिशवीत टाकून घरी आली. त्या उन्हाळ्यात नाल्याकडची संत्र्याची झाडं वाळली. दादाजी ती तोडत होते.

"दुसरा बनव नं, बाई," ते म्हणाले.

"कोणी बनवू देऊन नाही राहिलं, बाबा."

दादाजींनी पुढच्या झाडावर कुऱ्हाड घातली. हिमानी तोडलेल्या फांद्या ओढत बांधावर नेऊ लागली.

मित्रांनो, लहानशी वस्तू बिनतक्रार चालते, म्हणून ती धडधाकट आहे असं समजू नका. आणि कोणी शंका बोलून दाखवली, तर कृपा करून हसू नका. ज्याच्यावर हसतात, तो माणूस दुसऱ्यांदा बोलत नाही.