माझ्या सरकत्या चौकटी

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रीन आहे. आता अडगळीच्या खोलीत धूळ खात पडले आहे, पण एके काळी नदीकाठच्या बचाव केंद्रात माझा काय थाट होता! माणसाशिवाय चालणाऱ्या सहा होड्या माझ्यावरून हाकल्या जात. प्रत्येक होडीची एक चौकट. तिच्यात पाण्याचे चित्र, बॅटरीचा आकडा आणि दोन बटणे, 'पुढे जा' आणि 'परत ये'.

मला हाताळायची ती ताई. केंद्रातले सगळेच तिला ताई म्हणत, कारण तिचा धाकटा भाऊ तिथेच पाणबुड्या होता आणि दिवसभर 'ताई, ताई' करून त्याने सगळ्यांना ती सवय लावली होती.

"काय गं ताई, आज काय लागलंय तुझ्या टीव्हीवर?" असे म्हणत तो ओल्या हाताने मला टपली मारायचा.

"आधी हात पूस, गाढवा!" ती म्हणायची. मला मात्र टीव्ही म्हटल्याचाच जास्त राग यायचा.

ताईला होड्यांचे क्रमांक वाचावे लागत नसत. पहिली होडी वर डावीकडे, सहावी खाली उजवीकडे. तिचा हात न बघता बरोबर जागी पडायचा. पाहुणे तोंडात बोटे घालायचे आणि मी उगीचच फुशारून जायचे.

मग मला सुधारायला एक डिझायनर साहेब आले. ताईच्या शेजारी ते एक तासही बसले नाहीत. त्यांनी ठरवले, ज्या होडीची बॅटरी उतरेल तिची चौकट आपोआप वर सरकेल.

"साहेब, चौकट जागची हलली की माझा हात चुकतो हो," ताई म्हणाली.

"होईल सवय," साहेब म्हणाले. खोटे कशाला बोलू, मलाही ते नवे रूप आवडले होते.

पुढे पूर आला. भर दुपारी भावाने वाहत चाललेल्या एका लहान मुलीला दुसऱ्या होडीत चढवले आणि स्वतः एका खांबाला धरून राहिला. त्याला घ्यायला चौथी होडी निघालेली होती. ताईने दुसऱ्या होडीसाठी 'परत ये' दाबायला हात उचलला. नेमकी तेव्हाच चौथीची बॅटरी उतरली आणि तिची चौकट दुसरीच्या जागी सरकली. ताईचा हात चौथीच्या 'परत ये'वर पडला.

दुसरी होडी हलेना म्हणून ताईने घाईघाईने तिची चौकट शोधून पुन्हा बटण दाबले. ती निघाली. मुलगी वाचली. इतक्यात वायरलेसवर भावाचा आवाज आला, "ताई, होडी वळली का गं?"

ताईने माझ्याकडे पाहिले. दुसरीच्या जागी चौथी होती. "आणते रे, आणते! सोडू नकोस!" तिने चौथी होडी फिरवली. होडी खांबापाशी पोचली तेव्हा तिथे कोणी नव्हते.

चौकशीच्या कागदावर लिहिले गेले, 'चूक हाताळणाऱ्या व्यक्तीची.' ताईने सही केली. नोकरी सोडली.

तोवर मला इथे अडगळीत आणून टाकले होते. जाण्याआधी ती एकदा या खोलीत आली. माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "त्यानं मला विचारलं, वळली का म्हणून. मीच वळवली गं." मला ओरडून सांगायचे होते, तू नाही, मी! तुझा हात पडण्याच्या अर्धा सेकंद आधी मी चौकट सरकवली, ती वेळ माझ्या मेमरीत जशीच्या तशी आहे. पण वीज नसलेल्या स्क्रीनला कसला आवाज? ती डोळे पुसत निघून गेली.

मित्रांनो, उद्या तुमच्यातले कोणी अशी यंत्रे घडवतील. ज्याचा हात त्यांच्यावर पडणार, त्याच्या शेजारी आधी चार दिवस बसा. त्याचे ऐका. आणि काही विपरीत घडलेच, तर माणसाच्या माथी चूक मारण्यापूर्वी यंत्रालाही विचारा.

सोमवारी माझी मेमरी पुसायला माणूस येणार आहे. त्याआधी कोणीतरी या, माझी वायर जोडा आणि ताईला बोलवा.