गावी गेलेत

अमेरिकेतल्या काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्हा कार्यालयाचा, ईमेल आला तेव्हा आई मोरीत भांडी घासत होती आणि मी पप्पांच्या शर्टांच्या घड्या करून पिशवीत भरत होते. पप्पा अमेरिकेहून मुंबईला आले होते आणि इथेच गेले, त्याला महिना होत आला होता. जलदान विधी झाला होता, पुण्यानुमोदनाला रेल्वे वर्कशॉपमधले त्यांचे जुने सोबती येऊन दोन-दोन वाक्यं बोलून, खाली मान घालून गेले होते. रविवारी माझं परतीचं विमान होतं.

ईमेलमध्ये एकच प्रश्न होता. अमेरिकेतलं आमचं घर माझ्या आणि पप्पांच्या नावावर आहे. तिथे पासष्टीच्या पुढचा मालक स्वतः घरात राहत असेल, तर घरपट्टीतला शाळांसाठीचा जो मोठा हिस्सा असतो त्यात सूट मिळते. आम्हाला ती पप्पांमुळे होती. काउंटी अधूनमधून खात्री करून घेते, तशी आता करत होती. राजाराम गमरे अजून या घरात राहतात का? हो किंवा नाही. उत्तर शुक्रवारपर्यंत.

‘नाही’ म्हटलं तर सूट जाणार. तिथे कर बँकच घराच्या हप्त्याबरोबर कापून घेते, म्हणजे हप्ता वाढणार. विद्यापीठाच्या ग्रंथालयात या वर्षी माझे कामाचे तास कमी केले आहेत, आणि आत्ताचाच हप्ता कसाबसा निघतो. ‘हो’ म्हटलं तर ते खोटं. कधीतरी उघडकीला आलं की मागचा सगळा कर दंडासकट अंगावर येणार. कुठल्याही बाजूने विचार केला तरी शेवटी ते घर माझ्या हातून जाताना दिसत होतं.

आईला सांगितलं. तिने हात पुसले आणि म्हणाली, “राहू दे की नाव. कुणाचं काय जातंय?”

“आई, विचारतायत ते.”

“विचारू देत. आपल्या भाड्याच्या पावतीवर अजून तुझ्या आजोबांचं नाव आहे. मालकाने काय केलं आपलं?”

हे खरं होतं. भोईवाड्यातल्या आमच्या खोलीची पावती आजही धाकू भिवा गमरे या नावाने फाटते. आजोबा गेले तेव्हा मी पाळण्यात होते. चाळीतल्या निम्म्या खोल्यांचं असंच आहे. नाव बदलायचं तर मालकाला मोठी रक्कम मोजावी लागते, शिवाय तो काय शंका काढेल याचा नेम नाही. म्हणून कुणी काही कळवत नाही. आणि खोली बंद राहिली तर मालक कोर्टात जातो. त्यामुळेच पप्पा निवृत्त होऊन माझ्याकडे आले तेव्हा आई इथेच राहिली. दोन घरं होती, दोन्हीकडे माणूस हवं होतं. त्यांनी एकमेकांना वाटून घेतलं.

शेजारच्या आनंदीबाई गॅलरीतून आमचं बोलणं ऐकत होत्या. त्या न बोलावता आत आल्या. “आमच्या सासऱ्यांना मी बघितलं पण नाही गं मानसी, मी या घरात आले त्याच्या आधीच वर गेलेले. तरी दर महिन्याला टायमावर भाडं भरतात. असा गुणी माणूस मिळायला नशीब लागतं!”

आई हसली. महिन्याभरात पहिल्यांदाच हसली असेल. मीही हसले.

आईला कसं समजावणार होते? इथे भाडेकरूला घरपट्टीचं बिल कधी दिसतच नाही. ते मालकाच्या घरी जातं. पप्पांनीही सारा जन्म ते पाहिलं नव्हतं. तिकडे घर घेतलं, त्यांच्या फंडाचे पैसे त्यात घातले, आणि पहिल्या वसंतात काउंटीने घराची किंमत ठरवल्याचं पत्र आलं. पप्पांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. “हे पत्र आहे की मार्कशीट?” म्हणाले. मग कर कशाकशाला जातो ते मला विचारत बसले. रस्ते, वाचनालय, अग्निशमन दल, आणि सगळ्यात जास्त शाळा. दुसऱ्या दिवशी ते कोपऱ्यावरच्या शाळेपर्यंत चालत गेले, कुंपणाबाहेरून मैदान बघून आले. “चांगलं ठेवलंय,” म्हणाले. सूट घ्यायला मात्र तयार होईनात. सवलत हा शब्द त्यांनी वर्कशॉपमध्ये तीस-पस्तीस वर्षं टोमणा म्हणून ऐकला होता. समोरचे गोरे आजोबाही हीच सूट घेतात याची त्यांनी स्वतः जाऊन खात्री केली, तेव्हा कुठे सही केली.

तिथे ठरवलेली किंमत जास्त वाटली तर हरकत घेता येते. किंमत कमी झाली की करही कमी होतो. सगळे घेतात. भिंतीच्या भेगांचे, गळक्या छपराचे फोटो घेऊन सुनावणीला जायचं आणि घर कसं वाईट आहे ते पटवून द्यायचं. मी फोटो काढून नेले होते. अधिकाऱ्याने सहज पप्पांकडे वळून विचारलं, घरात काय काय खराब आहे? पप्पा ताठ बसून म्हणाले, “नो सर. व्हेरी गुड हाऊस.”

किंमत एका पैने कमी झाली नाही. गाडीत मी त्यांच्यावर चिडले तर म्हणाले, “आपल्या घराला आपणच नावं ठेवायची? भोईवाड्यात मालक ठेवायचा तेवढी बस झाली.”

बुधवारी मी काउंटीला फोन लावला. इथली दिवेलागण म्हणजे तिथे ऑफिस उघडण्याची वेळ. मी फक्त नियम विचारणार होते. नाव सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण पलीकडच्या बाईंनी आधी घराचा पत्ता विचारला, आणि मी भीतीने तो सांगून टाकला. की-बोर्डचा आवाज आला. मग त्या सरळ म्हणाल्या, “मिस्टर गमरे हयात आहेत ना?”

मराठीत मी हे महिनाभर सांगत होते. पप्पा गेले. पप्पा वारले. दर वेळी समोरचा माणूस ‘अरेरे’ म्हणायचा आणि पुढचं वाक्य आपणहून घ्यायचा. इंग्रजीत मी ते अजून एकदाही म्हटलं नव्हतं. “मी नंतर फोन करते,” म्हणाले आणि ठेवून दिला. मग भीती वाटली की मी उत्तर न देता फोन ठेवल्याचीही त्या बाईंनी नोंद केली असेल.

गुरुवारी आईने भाकऱ्या केल्या, सुकटीची चटणी केली. मोबाइल समोर ठेवला होता. ‘हो’ आणि ‘नाही’ हे दोन गोल शेजारी शेजारी होते.

“‘हो’ करून टाकू?” मी विचारलं.

आईने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच धरून बसली.

“तिथे कुणी घरी बघायला येतं?”

“येऊ शकतात.”

“समज आलं. राजाराम कुठायत म्हणून विचारलं. तू काय सांगशील?”

“मुंबईला गेलेत.”

“आणि कधी येणार?”

मी मोबाइल उलटा करून ठेवला.

“मालकाचा वसुलीवाला यायचा,” आई म्हणाली, “दारात उभा राहून विचारायचा, धाकूशेठ कुठायत? मी सांगायची, गावी गेलेत. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. गावी गेलेत, शेतीचं बघतायत. गावी गेलेत, पाय दुखतोय. कित्येक वर्षं सांगितलं. त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं त्याला ठाऊक आहे, तरी दर वेळी पाय कापायचे.”

“आणि पप्पा?”

“ते गॅलरीच्या टोकाला जाऊन उभे राहायचे. बापाबद्दल त्यांना तेवढं खोटं बोलवायचं नाही. म्हणून ते मी करायची.” तिने तुकडा ताटात ठेवला. “तुझ्या दारात कुणी आलं तर तिथं तुझ्यासाठी कोण बोलणार, बाय? तू एकटी. तूच दार उघडणार, तूच सांगणार, आणि मग रात्रभर तूच जागी राहणार.”

“हप्ता वाढेल, आई. नाही झेपला तर?”

“तर घर विकशील. ते दुःख दिवसाउजेडी तरी करता येतं.” मग जरा थांबून म्हणाली, “लाव फोन. मी बसते बाजूला.”

संध्याकाळी फोन लावला. आवाज मोठा करून मोबाइल आमच्या दोघींच्या मध्ये, पलंगावर ठेवला. आईने दार लोटून घेतलं, पदर नीट केला, जणू त्या बाई तिला बघणार होत्या. बाई वेगळ्या होत्या, पण क्रम तोच. पत्ता, की-बोर्डचा आवाज, आणि मग प्रश्न.

मी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. पलीकडून, “हॅलो? मॅडम, आहात का?”

आई मोबाइलवर वाकली. परळच्या इस्पितळात तिने आया म्हणून नोकरी केली होती. डॉक्टर वॉर्डाच्या दारात नातेवाइकांना जे सांगतात ते तिने किती वेळा शेजारी उभं राहून ऐकलं असेल.

“सॉरी मॅडम,” आई सावकाश, एकेक शब्द वेगळा करत म्हणाली, “ही इज नो मोअर. माय हजबंड. ही इज नो मोअर.”

मग त्या बाई हळू आवाजात म्हणाल्या की त्यांना फार वाईट वाटलं. मग मला बोलता आलं. त्यांनी तारीख विचारली, मी सांगितली. त्यांनी मृत्यूचा दाखला पाठवायला सांगितला. सूट कधीपासून बंद होईल हे त्यांना आज सांगता येणार नव्हतं. नवा हिशेब टपालाने घरी येईल म्हणाल्या. कर वाढेल का, विचारलं. “हो,” म्हणाल्या. किती? ते त्या सांगू शकत नव्हत्या.

फोन बंद झाला. आता ते पत्र माझ्या आधी तिथे पोचणार की माझ्यानंतर, एवढंच डोक्यात घोळायला लागलं. दार उघडून पत्रपेटीपर्यंत जायचं, आणि पाकिटावर एकच नाव असणार.

आईने दार उघडलं. आनंदीबाई कठड्याला टेकून उभ्याच होत्या.

“काय गं कौसल्या, काय झालं?”

“सांगून टाकलं,” आई म्हणाली.

“खरं?” आनंदीबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. “आणि उद्या इथला वसुलीवाला आला तर? तुझ्या सासऱ्यांचं पण सांगून टाकशील की काय?”

आईने डोळे पुसले आणि स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं.

“ते अजून गावीच आहेत,” ती म्हणाली.