एकच काम, दोन देश

धनेश चार वर्षांनी पोलंडहून भिवंडीजवळच्या पूर्णा गावात आला आणि पहिल्या सकाळपासून भाव सांगायला लागला. दुधाची पिशवी हातात घेतली की तिकडे लिटर कितीला पडतं, कुणी कांदा चिरताना दिसलं की तिकडचा कांदा केवढा असतो, लाइट गेली की तिकडे चार वर्षांत एकदाच गेली होती आणि त्याचीही चिठ्ठी आठ दिवस आधी दारावर लावली होती. वैशाली, त्याची वहिनी, ऐकून घ्यायची. पावणेसातची कंपनीची बस धरायची असताना डबे भरता भरता वाद कोण घालणार? पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. इकडचं काही स्वस्त निघालं की धनेश ते पगाराच्या मानाने मोजायचा, आणि तिकडचं महाग निघालं की तेही पगाराच्या मानाने. कुठूनही धरा, हरायचं ते पूर्णाच.

ती दापोड्याच्या एका गोदामात टीम लीडर होती. नऊ वर्षांपूर्वी पॅकिंगला लागली आणि आता तिच्या हाताखाली बावीस मुली होत्या. धनेशला पहिलं काम तिनेच लावून दिलं होतं, त्याच गोदामात. तेव्हा तो दुपारी खोक्यांच्या थप्पीमागे झोपायचा आणि त्याच्या वाटची पार्सलं ती स्कॅन करायची. पुढे एजंट गाठून तो पोलंडला गेला, आणि तिथेही तेच काम मिळालं. हातात स्कॅनर, अंगात चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट, समोर सरकत येणारी खोकी. पगार मात्र तिच्या पाचपट.

एका रविवारी चहा पिताना त्याने सहज विचारावं तसं विचारलं, "वयनी, हातात किती येतात तुला?"

घरातलाच माणूस, लपवायचं काय? ओव्हरटाइम धरून साडेअठरा हजार, तिने सांगितलं. मग त्याने ड्युटीचे तास विचारले, बसायला मिळतं का विचारलं. तिने तेही सांगितलं. मुलींना बाथरूमला दोनदा जाता येतं, तिसऱ्यांदा गेली तर वहीत वेळ लिहावी लागते.

"कोण लिहितं?"

"मीच लिहिते," वैशाली म्हणाली आणि कपबश्या उचलल्या. मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेल्या त्याच्या फोनकडे तिचं लक्षही गेलं नाही.

पुढच्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत चंद्राने कॅन्टीनमध्ये तिच्यापुढे मोबाइल धरला. चंद्रा दुसऱ्या लाइनची लीडर, भिवंडी शहरातली, बोलायला तिखट. पण त्या दिवशी काही न बोलता तिने व्हिडिओ लावून दिला. वर ठळक अक्षरांत नाव होतं: एकच काम, दोन देश.

पडद्याचे दोन भाग केले होते. एका बाजूला रुंद फूटपाथ, ट्राम, दुकानातली पावाची मांडणी, नळ उघडताच येणारं गरम पाणी. दुसऱ्या बाजूला कंटेनरांनी उखडलेला गावचा रस्ता, वैशालीच्या ओट्यावरचा तेलकट डबा, टँकरच्या पाण्याचा निळा ड्रम. मग धनेश तिच्या न्हाणीत उभा राहिलेला. दाराऐवजी लावलेला पडदा त्याने दोन बोटांनी बाजूला केला आणि हसत म्हणाला, "भिंतीत हा पाइप ठोकून ठेवलाय. ना पाणी येतं, ना जातं. ही आपली क्वालिटी ऑफ लाइफ." त्यानंतर वैशालीचा चेहरा आला, अगदी जवळून, कपाळावर घाम. पगाराचा आकडा आला, ड्युटीचे तास आले. शेवटी तिचा आवाज, 'मीच लिहिते.' तिथे त्याने चित्र थांबवून खाली रडवं संगीत लावलं होतं.

चार लाख लोकांनी पाहिलं होतं. खाली लोकांनी लिहिलं होतं, बिचारी. कुणी लिहिलं होतं, बाईचे हाल बघवत नाहीत. वैशालीला उभ्या आयुष्यात कुणी बिचारी म्हटलं नव्हतं. स्वतःच्या पगारावर तिने घरात फ्रिज आणला होता, मुलीला, पूर्वाला, ठाण्याच्या कॉलेजात घातलं होतं. गावातल्या बाया मुलींना कामाला लावायला तिच्याकडे घेऊन यायच्या. पण बिचारी या शब्दापेक्षाही तिला तिचा स्वतःचाच आवाज जास्त लागला. भाजीत मीठ किती घातलं हे सांगावं तितक्या सहज ती 'मीच लिहिते' म्हणाली होती.

सोमवारी तिला वर ऑफिसात बोलावलं. दोन साहेब होते. त्यातल्या एकाने हिंदीत, आवाज न चढवता सांगितलं की कंपनीच्या गोष्टी कॅमेऱ्यासमोर बोलायच्या नसतात. माझ्या नकळत घेतलंय, असं ती दोनदा म्हणाली. त्यांनी मान हलवली आणि पुढचा कागद काढला. लीडरचं काम चंद्राकडे गेलं. वैशालीला मागच्या शेडमध्ये पाठवलं, लोकांनी परत केलेला माल फोडून तपासायला. फाटके बूट, वापरून परत आलेले कपडे, घामाचे वास.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा धनेश ओटीवर बसून पुढच्या व्हिडिओची जुळणी करत होता. नवरा भरत टेम्पोच्या फेरीवरून नुकताच आला होता. सासू ठमाबाई खाटेवर पाय लांब करून बसल्या होत्या. वैशालीने पिशवी खाली ठेवली आणि सरळ सांगितलं की तो व्हिडिओ आत्ताच्या आत्ता काढायचा.

धनेशने डोकं वर केलं नाही. म्हणाला, लोकांना खरी परिस्थिती कळायला पाहिजे, पोरं घाबरतात बाहेर जायला, त्यांना धीर येतो. आणि मग त्याने विचारलं, "त्यात खोटं काय हाय ते सांग."

"तुझी खोली दाखव," वैशाली म्हणाली. "माझी न्हाणी चार लाखांना दाखवलीस. तुझी कुठं हाय?"

तिला वाटत होतं की तो गडबडेल. तिकडे आठ-आठ जण एका खोलीत कोंबलेले असतात असं तिने ऐकलं होतं. पण धनेशने शांतपणे फोनमधले फोटो काढून तिच्यापुढे धरले. स्वच्छ खोली, दोन पलंग, खिडकीला जाड काच, पांढरीशुभ्र न्हाणी, तिला चांगलं मजबूत दार. एकही फोटो खोटा नव्हता. तो म्हणाला की ओळखीच्या एजंटकडे तुझंही नाव टाकू शकतो, जरा इंग्रजी शिक.

फोन वैशालीने त्याच्या मांडीवर परत टाकला.

"तुझं चांगलं चाललंय, मला दिसतंय. ते माझ्या न्हाणीत उभं राहून सांगायची गरज न्हाय. आन् तो पाइप कशाला ठोकलाय, ठाऊक हाय तुला? आईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ठोकला. धरून उभं राहायला. चाळीस दिवस रजा टाकून मी आंघोळ घातली त्यांना तिथं. तेव्हा तू फोनवर विचारलंस, डॉक्टर चांगला हाय का."

धनेशने फोन खिशात घातला. मग खांदे उडवून म्हणाला, "मला कुणी सांगितलं व्हतं?"

भरतने मध्ये पडून दोघांना शांत व्हायला सांगितलं. आणखी बाराच दिवस आहे तो, जाऊ दे, असं तो बायकोला म्हणाला. तिने ठमाबाईंकडे पाहिलं. म्हातारी काहीतरी बोलेल असं तिला वाटलं होतं. ठमाबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चार लाख लोकांनी बघितलं माझ्या पोराला. तू कशाला काढायला लावते?"

वैशाली आत गेली, भांडी घासली, आणि बाहेर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की व्हिडिओ निघेपर्यंत धनेशचं ताट या चुलीवरून जाणार नाही.

भरतला वाटलं, एका दिवसात राग उतरेल. उतरला नाही. ती मोजून भाकऱ्या थापायची, चारच माणसांच्या. धनेश अंजूरफाट्यावरून बिर्याणी मागवायला लागला, मग पोट बिघडल्यावर नुसता पाव. ठमाबाई आपल्यातली अर्धी भाकर मोडून त्याला द्यायच्या. वैशालीने ते पाहिलं, त्यांना अडवलं नाही, पण एक भाकर जास्तही थापली नाही. चौथ्या दिवशी पूर्वा म्हणाली की काकाने तुझा चेहरा धूसर केलाय. वैशालीने बघितलं. चेहरा पुसला होता. डबा, ड्रम, पडदा, पाइप, आणि तिचा आवाज, सगळं जिथल्या तिथे होतं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलायचीही बंद झाली. तो विमानतळावर निघाला तेव्हा ती ड्युटीवर होती. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती.

दीड महिन्याने गोदामात बाथरूमच्या वेळा लिहिणं बंद झालं. वरून नोटीस वगैरे काही आली नाही. एका सोमवारी चंद्राच्या टेबलावरून ती वही नाहीशी झाली, एवढंच. कंपनीचा माल घेणाऱ्या कुणीतरी व्हिडिओ पाहून विचारणा केली, असं मुली बोलत होत्या. पूर्वी वैशालीच्याच लाइनवर असलेली सुकन्या मागच्या शेडमध्ये मुद्दाम सांगायला आली. नखं कुरतडत ती म्हणाली, "ताई, तुमच्या दिराने चांगलं केलं आमच्यासाठी."

वैशालीने हातातला बूट उलटा करून तळवा पाहिला. "हो," ती म्हणाली. सुकन्याचं नाव त्या वहीत तिने स्वतःच्या हाताने कितीदा लिहिलं होतं, ते दोघींनाही माहीत होतं. पाळीच्या दिवसांत पोरगी चौथ्यांदा गेली तेव्हासुद्धा लिहिलं होतं. "चुकलं माझं," वैशाली मान खाली घालूनच म्हणाली. सुकन्या आपल्या लाइनवर परत गेली.

त्याच आठवड्यात धनेशचा नवा व्हिडिओ आला. बर्फात उभा राहून तो सांगत होता की त्याच्या एका व्हिडिओने भिवंडीच्या मुलींना न्याय मिळवून दिला. रविवारी त्याने ठमाबाईंना फोन केला. त्या थंडीचं विचारत होत्या. वैशाली आतून आली आणि त्यांच्या हातातून फोन घेतला.

"वही बंद झाली, ते चांगलं झालं," ती म्हणाली. "व्हिडिओ ठेव, काढू नको. पण त्या मुलींना तू एकदा तरी फोन केलास का? त्यातल्या एकीचं नाव सांग."

धनेश नवा व्हिडिओ किती लोकांनी बघितला ते सांगायला लागला.

"पुढच्या खेपेला येशील तेव्हा लॉजवर उतर. आईंना मी तिथं भेटायला आणीन."

तो वयनी, ऐक, असं काहीतरी म्हणायला लागला होता. तिने फोन सासूच्या हातात परत दिला. ठमाबाईंनी एकवार सुनेकडे रागाने पाहिलं, फोन कानाला लावला आणि पोराला विचारलं, तू जेवलास का?