ब्रेक लागण्याआधीचा रस्ता

मी वळणाजवळचा काळा पट्टा बोलतोय. हो, रस्त्यावरचाच. करकचून ब्रेक दाबल्यावर टायर घासून जो डाग उमटतो ना, तो मी. दचकू नका, उठून तुमच्या मागे येणार नाही. मला पायच नाहीत. पण माझ्या डोक्याशी रोज संध्याकाळी एक माणूस येऊन उभा राहतो. त्याला पाय आहेत की नाहीत, हे मला अजून कळलेलं नाही. वजन काही लागत नाही. पॉलिशचा वास मात्र येतो.

ज्या गाडीनं मला जन्म दिला, त्याच गाडीखाली तो माणूस गेला. गाडी त्याच्या मुलाची होती, आणि चालवतही मुलगाच होता.

माझ्या आधीचं सगळं मला रस्त्यानं सांगितलं. समोरच्या फर्निचरच्या कारखान्यात हे बाबा पॉलिशचं काम करायचे. सुटले की रस्त्यावर येऊन थांबायचे, मुलगा कामावरून परतताना त्यांना घ्यायचा. बापलेकांचा एक वेडा खेळ होता. गाडी दिसली की बाबा सरळ तिच्या वाटेत उभे राहून हात वर करायचे आणि ओरडायचे, "ए टॅक्सी!" निलगिरीचं झाड आलं की मुलगा ब्रेककडे पाय न्यायचा, आणि गाडी बरोबर बाबांच्या गुडघ्यांपुढे येऊन थांबायची. मग बाबा बॉनेटवर टपली मारून पुढच्या सीटवर बसायचे.

"बोला शेठ, कुठं सोडू?" मुलगा विचारायचा.

कारखान्यातले लोक म्हणायचे, अहो, एक दिवस अंगाशी येईल हे. बाबा हसण्यावारी न्यायचे. "माझा पोरगा आहे तो. झाडाशी ब्रेक मारतो म्हणजे मारतो."

त्या दिवशी मुलाला निघायला उशीर झाला. बाबा उभे राहून दमतील म्हणून त्यानं गाडी दामटली. एरवी चाळीसनं यायचा, त्या दिवशी साठनं आला. झाड आलं, बाबांचा हात वर झाला, आणि मुलानं नेहमीसारखाच पाय उचलला.

आता नीट ऐका, कारण हे कुणी लक्षात घेत नाही. डोळ्यांनी बघायचं, डोक्यानं ठरवायचं, मग पाय उचलून ब्रेकवर न्यायचा. यात फार तर सेकंदभर जातो. पण तेवढा वेळ गाडी काय वाट बघत थांबते होय? ती तशीच पळत असते, आणि रस्त्यावर साधा ओरखडाही उमटत नाही. वेग दीडपट झाला, तसा हा कोरा तुकडाही दीडपट लांबला. ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारी जागा तर दीडपटीवर भागली नाही, दुपटीच्याही वर गेली. म्हणून झाडापासून बराच पुढे, बाबांच्या पायांपासून जेमतेम चार पावलांवर माझं डोकं आहे. बाकीचं सगळं धड त्यांच्या पलीकडे.

इथंच घात झाला. लोक जमले, त्यांनी मला बघितलं आणि निकाल लावून मोकळे झाले. "ब्रेक बघा कुठं लागलाय! अगदी बापाच्या पायाशी. मोबाइलमध्ये डोकं असणार पोराचं." हे आईच्या कानावर गेलं, आणि तिनं मुलाशी बोलणंच टाकलं. ताट वाढायची आणि पाठ फिरवायची.

मुलगा इथं येऊन माझ्याशेजारी उकिडवा बसायचा. "झाडाशीच पाय उचलला होता मी. आईशप्पथ." मी ओरडायचो, अरे खरंय रे तुझं! पण माझं कुठलं त्याला ऐकू जायला? मधेच तो नाकानं हुंगायचा आणि गर्रकन मागे वळून बघायचा. मागे बाबा उभे असायचे. त्याला दिसायचे नाहीत.

शेवटी एका संध्याकाळी हातापाया पडून तो आईला घेऊन आला. आईनं मला न्याहाळलं, मग झाडाकडे बघितलं.

"पट्टा इथं सुरू होतोय. झाड तिकडं. मधे काय करत होतास तू?"

"थांबवत होतो, आई."

आईनं माझ्यापासून झाडापर्यंत पुन्हा एकदा नजर नेली. मग म्हणाली, "झाडापलीकडं जा आणि चालत ये. झाडाशी आलास की मी टाळी वाजवते. ऐकलीस की थांब."

तो चालत आला. टाळी वाजली, तो झाडाशीच थांबला.

"आता पळत ये."

टाळी वाजली, पण तो पाच-सहा पावलं पुढं गेला.

"परत. अजून जोरात!"

या वेळी तो असा सुटला की टाळीनंतर स्वतःला आवरताच येईना. धडपडत, हात टेकत माझ्यापाशी येऊन पडला.

"टाळी तर झाडाशीच वाजवली मी," आई पुटपुटली. तिचे हात तसेच जोडलेले राहिले. "मग हे का नाही रे बाजूला झाले?"

"हसत होते, आई. मी थांबणारच, असं वाटलं त्यांना."

आई मटकन माझ्यावरच बसली. तिनं त्याचं डोकं छातीशी ओढून घेतलं, आणि दोघंही ढसाढसा रडली. त्या वेळी पॉलिशचा वास इतका दाट झाला की आईनंही मान वर करून बघितलं.

मी आता पुसट होत चाललोय. रस्त्यावर लवकरच नवा थर पडणार आहे म्हणे. तेव्हा जाता जाता हात जोडून सांगतो, म्हणजे असते तर जोडले असते: नुसता काळा पट्टा बघून हळहळू नका, त्याच्या आधीचा कोरा रस्ताही बघा. तो लांब करायचा की आखूड, हे पाय उचलायच्या आधीच ठरलेलं असतं. हळू चालवा, बाबांनो.

काल संध्याकाळी ती गाडी पुन्हा आली. मुलगा चालवत होता. आई मागे बसली होती, पुढची सीट रिकामी ठेवून. झाडाच्या कितीतरी आधीपासून गाडी रांगत आली आणि माझ्या डोक्याशी अलगद थांबली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मुलगा स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत राहिला.

पुढचं दार उघडलं. सीट खाली दबली. दार लागलं.

मुलगा पांढराफटक पडला. आईनं मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसले हे," ती म्हणाली. "चल. सावकाश ने."