मिरीचे दात का वाजत होते

मित्रांनो, मी मिरी. बिबवेवाडीतल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी काळी कुत्री. आता तोंडाभोवतीचे केस पांढरे झाले आहेत आणि जिना चढताना मधे थांबावे लागते. इमारतीत मला सगळे ओळखतात ते माझ्या दातांमुळे. याच दातांपायी एकदा माझ्या जिवावर बेतले होते. ते तुम्हाला सांगते.

माझा जन्म भाजीबाजाराच्या मागे, एका बंद पडलेल्या टेम्पोखाली झाला. उल्काने मला ओढणीत गुंडाळून घरी आणले तेव्हा ती कॉलेजात होती. घरात ती आणि तिचे बाबा, यज्ञेश्वर, अशी दोनच माणसे. "हे इथे राहणार नाही," असे बाबांनी बजावले आणि त्याच संध्याकाळी स्वतःची शाल माझ्या अंगाखाली घातली.

पहिल्या आंघोळीनंतर माझे दात वाजले. थंडीचे दिवस होते. बाबांनी मला टॉवेलात धरून कोरडे केले आणि दात थांबले. दिवाळीत फटाक्यांच्या भीतीने ते पुन्हा वाजले. तेव्हा बाबा खिडक्या लावून, रेडिओ मोठा करून माझ्याशेजारी बसून राहिले. पुढे आनंदानेही वाजू लागले. उल्का कामावरून आली की, किंवा झाडाच्या बुंध्याशी दुसऱ्या कुत्र्याचा वास लागला की माझा खालचा जबडा आपोआप थरथरायचा.

मग माझे कौतुक सुरू झाले. मुले बिस्कीट नाकासमोर धरून "मिरी, दात वाजव" म्हणायची. उल्का व्हिडिओ काढायची. मला ते सगळे आवडायचे.

एका वर्षी गणपतीच्या सुमारास हाड चावताना माझ्या मागच्या दाढेचा तुकडा उडाला. तो कुणाला दिसला नाही. त्या दिवसापासून घास तोंडात घेतला की कळ मस्तकात जायची आणि दात वाजायचे.

"बाबा, बघा ना, जेवणावर किती खूश आहे!" म्हणत उल्का फोन घेऊन धावली.

मी खूश नव्हते. पण दात तसेच वाजत होते आणि ती तशीच हसत होती.

दसरा होऊन गेला तोवर मी एका बाजूने खाऊ लागले होते. अर्धे अन्न खाली सांडायचे, तोंडातून लाळ गळायची. गार पाणी दाढेला असे झोंबायचे की भांड्याशी जाऊन मी मागे उडी मारायचे. बाबांना वाटले, वय झाले.

एका सकाळी बाबा मला फिरवून आणत होते. खाली पार्किंगमध्ये हिंदुरावांची नात सायकल चालवत होती. हिंदुराव म्हणजे आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. मला तहान लागली होती. झाडांच्या बादलीत तोंड घातले, पाणी दाढेला लागले आणि मी किंचाळून मागे सरले. दात कडाकडा वाजू लागले. हिंदुरावांनी नातीला सायकलवरून उचलले.

"यज्ञेश्वरराव, लांब व्हा! पिसाळली आहे ती!"

"काहीतरीच काय! इंजेक्शनं वेळच्या वेळी दिली आहेत."

"अहो, डोळ्यांनी बघतोय. पाण्याला भिते, लाळ गळते, दात वाजतायत. माझा धाकटा भाऊ गावी कुत्रं चावून गेला. घरच्यांनी नुसती हळद लावली होती जखमेला. मला नका शिकवू."

त्यांचा आवाज कापत होता. ते वाईट नव्हते, घाबरलेले होते. पण त्यांच्या ओरडण्याने माणसे जमली, कुणी काठी आणली, कुणी कुत्री पकडणारी गाडी बोलावली. बाबा मला घाईने वर घेऊन गेले. त्यांनी पट्टा लांबवर धरला होता. आजवर त्यांनी मला असे कधीच दूर धरले नव्हते. घरात येताच त्यांनी मला गॅलरीत कोंडून काच लावून घेतली.

काचेतून मला ते दिसत होते. खराडीच्या ऑफिसात असलेल्या उल्काला त्यांनी स्पीकरवर फोन लावला.

"बाबा, मी निघाले. मिरीच्या डॉक्टर नीरजाताईंना पाठवते. त्या येईपर्यंत गॅलरीची काच उघडू नका!"

बेल वाजली. दाराबाहेर हिंदुराव होते. "गाडी येतेय. कुत्रीला खाली आणा."

"डॉक्टर बघेपर्यंत नाही आणणार."

"आणि तोवर कुणाला चावली तर?"

बाबांनी वळून माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत माया होती आणि भीतीही होती. खाली गाडीचा हॉर्न वाजला.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत नीरजाताई आत आल्या. जाड हातमोजे चढवत त्यांनी विचारले, "ही कुणाला चावली? हिला कुणी चावलं?"

"दोन्ही नाही," बाबा म्हणाले.

"दात कधीपासून वाजतात?"

"ते तर नेहमीच. गंमत वाटायची आम्हाला."

"नेहमीचं सोडा. जेवताना कधीपासून?"

बाबा हळूच म्हणाले, "गणपतीपासून."

"पिसाळलेलं जनावर इतके दिवस जगत नाही हो. कोमट पाणी आणा."

ताईंनी काच सरकवून भांडे माझ्यापुढे ठेवले. दारातली माणसे बघत होती. कोमट पाणी झोंबले नाही. मी भांडे चाटूनपुसून रिकामे केले. मग ताईंनी माझा ओठ बाजूने अलगद उचलला. अशी कळ आली की माझे दात त्यांच्या हातमोज्याला टेकले. कुणीतरी काठी उगारली. मी तोंड मिटले नाही. सारे अंग थरथरत होते, तरी मिटले नाही.

"दाढ फुटली आहे. आत पू झालाय," ताई म्हणाल्या. "किती सोसलं असेल हिनं!"

बाबा खिशातून स्वतःची दुखण्यावरची गोळी काढू लागले. "ही देऊ का?"

"मुळीच नको! माणसाची गोळी कुत्र्याच्या जिवावर उठते. रक्त तपासून आजच दाढ काढू. हिच्या वयात भूल देण्यात धोका आहे, पण दाढ ठेवण्यात जास्त आहे."

हिंदुराव खाली जाऊन आले. "गाडी परत पाठवली," ते दारातूनच म्हणाले. "पण मी जवळ येणार नाही."

"नका येऊ. लांबूनच बरे दिसता," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे मात्र भरले होते.

भुलीतून जागी झाले तेव्हा उल्का दवाखान्याच्या फरशीवर बसली होती. "तुला दुखत होतं आणि मी हसत होते गं," एवढेच ती म्हणाली.

मित्रांनो, माझे दात अजूनही वाजतात, कधी थंडीने, कधी वासाने. ते वाजले की बाबा खाली बसतात. अंग गार आहे का, कसला आवाज झाला का, तोंडाला वास येतो का, घास एकाच बाजूने चावते का, ते बघतात. तुम्हीही बघा. दुखऱ्या तोंडात हात घालू नका, डॉक्टरांकडे न्या. दात वाजताना अंग ताठ झाले किंवा शुद्ध हरपली तर क्षणभरही थांबू नका. आम्हाला सांगता येत नाही, म्हणून आधी बघा. हसायला नंतर पुष्कळ वेळ मिळेल.