फुल्क्रानचे पांढरे बूट

पैज ओदीलने लावली, पण तिला चिडवून चिडवून लावायला लावली ती तिच्या बापाने, फुल्क्रानने.

"एकट्याने, पायी, तलावाच्या कडेकडेने बदामाच्या झाडापर्यंत या," ओदील म्हणाली. "बाराच्या आत. आलात तर राहा तुमच्या घरात, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही आलात तर सप्टेंबरपासून माझ्याकडे, माँपेलियेला."

"आणि जिंकलो तर रोज फोन करून 'गॅस बंद केलात का' विचारायचं नाही."

"कबूल."

हे झालं गावातल्या कॅफेत, सगळ्यांच्या देखत. फुल्क्रान एक्क्याऐंशीचा. वीस वर्षं त्याच खुर्चीत बसून तो सांगत आलाय, मला इथून हलवाल ते शवपेटीतूनच. त्यामुळे पत्ते खेळणारे सुद्धा हातातले पत्ते तसेच धरून ऐकत होते.

जूनचा पहिला रविवार उजाडला. दरवर्षी या दिवशी हे तिघं सालागू तलावाच्या काठावर जेवायचे आणि तिथे ज्याच्या त्याच्या पद्धतीने पोचायचे. फुल्क्रान चालत. ओदील समोरच्या काठावरून पोहत, कमरेला पिवळा फुगा बांधून. आणि ओदीलची मुलगी ओरियान सायकलवर, पाठीवर जेवणाची पिशवी घेऊन.

ओरियान सतराची. फेब्रुवारीत शाळेला रामराम ठोकला तेव्हापासून आईशी रोज खटके, म्हणून दर शनिवारी ती बस पकडून आजोबांकडे यायची. ते घर गेलं की तिचा हा एकच आसरा जाणार. शिवाय माँपेलियेच्या फ्लॅटमध्ये खोल्या दोनच. आजोबा आले की तिची खोली त्यांना आणि ही हॉलमधल्या सोफ्यावर. म्हणजे आजोबा जिंकायलाच हवे होते.

साडेअकराला ती शेवटचा चढ चढून खाली सुटली. वळणावर बास्तीदचा ट्रॅक्टर समोरून आला. बास्तीद म्हणजे आजोबांचा शेजारी, द्राक्षांच्या मळ्यावाला. एरवी हा माणूस ट्रॅक्टर थांबवून हवापाण्यापासून सरकारपर्यंत सगळं काढतो. आज दोन बोटं वर केली आणि मान दुसरीकडे फिरवून निघून गेला.

'याला काय झालं?' ओरियानच्या मनात आलं.

बदामाखाली आजोबा बसलेले. टोपी मांडीवर, पाय लांब केलेले. ओरियानने सायकल आडवी टाकली, "जिंकलात!" असं ओरडायला तोंड उघडलं, आणि तिची नजर त्यांच्या पायांवर गेली.

पांढरे कापडी बूट, दोरीच्या तळाचे. पांढरेशुभ्र. आणि तळाची दोरी अजून पिवळीधमक.

सालागूच्या काठाची माती लाल, नुसती भुकटी. दहा पावलं चाला, बूट विटेसारखे होतात. सात किलोमीटर चालून आलेल्या माणसाला गुडघ्यापर्यंत लाल रंग चढलेला असतो.

"बास्तीदच्या ट्रॅक्टरवर आलात!"

"कोण म्हणतं?"

"तुमचे बूट म्हणतायत! असे बूट घालून माणूस लग्नाला जातो!"

फुल्क्रानने बुटांकडे पाहिलं. "हं," म्हणाला. बस, तेवढंच.

ओरियानची सटकली. एक तर खोटेपणा, आणि तोही असा बावळटासारखा. तलावात पिवळा फुगा दिसत होता, अर्ध्याच्या अलीकडे आलेला. दहा मिनिटं फार तर. तिने बाटलीतलं पाणी जमिनीवर ओतलं, मूठभर चिखल कालवला आणि गुडघे टेकून आजोबांचे बूट माखायला लागली. आधी तळ, मग टाचा, मग पँटच्या कडा. वरून कोरडी माती भुरभुरली.

"अगं, राहू दे गं."

"पाय वर करा!"

त्याने मुकाट्याने पाय वर केला.

ओदील पाण्यातून बाहेर आली, टॉवेल गुंडाळला आणि पहिलं काय केलं तर बापाच्या पायांकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. बाराला दहा कमी.

"आलात की," ती म्हणाली. आवाज जरा पडलाच. "ठीक आहे बाबा. शब्द म्हणजे शब्द. राहा."

ओरियानने पिशवी उघडली. बटाटे घातलेलं गार ऑम्लेट, शेळीचं चीज, पाव, चेरी. ओदीलने वाढलं. फुल्क्रानने ऑम्लेटचा तुकडा हातात घेतला आणि तसाच धरून बसला. वाइनलाही हात लावला नाही. जिंकलेला माणूस असा दिसत नाही.

ओदील केस झटकायला पाण्याकडे गेली तशी ओरियान पुटपुटली, "आता काय झालं? वाचवलं ना तुम्हाला?"

"वेडे," तो हळूच म्हणाला, "एक्क्याऐंशी वर्षं ही माती झाडतोय मी. मला चोरी लपवायची असती तर ट्रॅक्टरवरून उतरताना आधी बूट मळवले नसते?"

ओरियानने नखांत अडकलेल्या चिखलाकडे पाहिलं.

"फेब्रुवारीत आठवडाभर वारा होता. शनिवारी तुझी बसही आली नाही. आठ दिवस माणसाचं तोंड दिसलं नाही. शेवटी मी कोंबड्यांशी भांडलो, आणि त्या जिंकल्या."

"मग सांगायचं ना आईला, येतो म्हणून!"

"वीस वर्षं पेटीची गोष्ट सांगून? कॅफेत तोंड कसं दाखवू? पैज हरलो म्हटलं की कसं, माणूस शब्द पाळायला गेला."

ओरियानने चेरीची बी लांब थुंकली. डोळ्यांपुढे तिची खोली आली, खिडकीसकट. मग तो सोफा. त्याची मधली स्प्रिंग पाठीत टोचते.

"आई!" ती ओरडली. "आजोबा चालत नाही आले! बास्तीदच्या ट्रॅक्टरवर आले. बुटांना चिखल मी फासला!"

ओदील तिथेच वळली. "काय?"

"ऐकलंस ते."

पुढची पाच मिनिटं ओरियानने जे ऐकून घेतलं ते तलावाच्या पलीकडेही गेलं असेल. खोटारडी, बेजबाबदार, शाळा सोडली पण उलट बोलणं नाही सोडलं, म्हाताऱ्या माणसाच्या जिवाशी खेळ. ओरियानला तीनदा तोंड उघडावंसं वाटलं. तिन्ही वेळा तिने चेरी कोंबली.

"आणि बाबा तुम्ही! काही बोलायचंय?"

"काय बोलणार," फुल्क्रान म्हणाला. "पकडलो गेलो. सप्टेंबर म्हणजे सप्टेंबर. बास्तीदला सांग, कॅफेत सगळ्यांना सांगू दे." मग हातातला ऑम्लेटचा तुकडा त्याने दोन घासांत संपवला आणि पाव पुढे केला. "अजून आहे का?"

ओदीलने रागारागाने वाढलं. वाढता वाढता तिचा राग कुठेतरी कमी पडायला लागला, का ते तिलाच कळेना.

फुल्क्रान वाइनचा घोट घेऊन नातीकडे वळला.

"तुझ्या त्या खोलीला सकाळचं ऊन येतं का गं?"

"येतं," ओरियान दात आवळून म्हणाली. "पण कोंबड्या चालणार नाहीत."