एक ते दोनमधली माझी शांतता

मी स्टुडिओ बोलतोय. गाणी रेकॉर्ड करायचा. जरा जवळ येऊन ऐका, कारण हळू बोललेलं माझ्यात कधीच नीट ऐकू आलेलं नाही. स्टुडिओने असं सांगावं म्हणजे आचाऱ्याने चूल पेटत नाही म्हणून सांगण्यासारखंच आहे, पण आता लपवून काय करू?

जन्माने मी दोन साध्या खोल्या, त्याही सुताराच्या कारखान्यावरच्या. आमच्या रेकॉर्डिस्टदादांनी तरुणपणी मला पाहिलं तो सुट्टीचा दिवस होता. खाली कुलूप, वर चिडीचूप. "अशी जागा शोधून सापडायची नाही," म्हणत त्यांनी उभ्याउभ्या होकार देऊन टाकला. मला घेतल्यावर पहिल्याच कामाच्या दिवशी नऊ वाजता खाली लाकूड कापायचं यंत्र सुरू झालं, आणि दादा कानांवर हात ठेवून जिन्याकडे धावले.

मग कोणा शहाण्याने सांगितलं, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवा. दादांनी तीन महिने बेकऱ्या पालथ्या घातल्या. ट्रे लागले, त्यांना काळा रंगही लागला, आणि मी खुशाल स्वतःला देखणा समजू लागलो. आतला आवाज घुमायचा थोडा कमी झाला, बाहेरचा मात्र सुखेनैव येत राहिला. तो अडवायला जाड, जड भिंत लागते हे दादांना फार उशिरा कळलं. तोवर माझं खुराडं झालं होतं.

शेवटी एक वाट सापडली. रात्रीपर्यंत चालणारा कारखाना एक ते दोन जेवायला थांबायचा. गाणारे-वाजवणारे साडेबारालाच येऊन बसायचे. यंत्र थांबलं की पंखा बंद, दार बंद आणि सुरू! घामाघूम होऊन तासात गाणं उरकायचं. माझ्यात झालेलं प्रत्येक गाणं उपाशीपोटी गायलेलं आहे.

अशी वर्षं गेली. दादांचे गुडघे जिने चढेनात. लेकीकडे राहायला जायचं ठरलं आणि मी विक्रीला निघालो. खालच्या सुतारांनी तर सांगूनच ठेवलं होतं, "कोणी नाही मिळालं तर मी घेईन, फळ्या ठेवायला." ते ऐकून मला ओल फुटायची बाकी होती.

गिऱ्हाइकं आली. एकाने सोफ्यावर बसून उसळून पाहिलं, एकाने माइक मोजले, एकीने काचेत बघून केस सारखे केले. दोन मिनिटं गप्प कोणी बसलं नाही. दादा सगळ्यांना दुपारी एकलाच बोलवायचे. आणि मी? मीही तोंड दाबून बसायचो.

मग एके दिवशी गाण्याच्या बाई आल्या, सोबत त्यांची नणंद. बाईंनी तीस वर्षं शाळेत दुसऱ्यांच्या मुलांना गायला शिकवलं होतं. स्वतःचं एकही गाणं रेकॉर्ड झालेलं नव्हतं. निवृत्तीची सगळी पुंजी त्या माझ्यात ओतायला निघाल्या होत्या.

"वहिनी, सोफ्यावर काय भाळता? त्या कोपऱ्यात ओल बघा," नणंदबाईंनी आल्या आल्या सुरुवात केली.

"वन्सं, हळू बोला ना."

"हळू कशाला? आवाज बाहेर जात नाही म्हणतायत ना हे!"

मग भिंतीपलीकडे कोण राहतं, वायरी किती जुन्या, मोठं वाद्य या अरुंद जिन्यातून वर आणायचं कसं, सगळं विचारून झालं. दादांची नजर घड्याळावर.

"पावणेदोन होतायत. उरलेलं खाली बोलू या का?"

"एक ओळ गाऊन बघू?" बाईंनी विचारलं.

सवयीने दादांचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला. बाई गायल्या. आवाज थोडा झिजलेला होता, पण जुन्या पायरीसारखा, पाय बरोबर बसावा असा. मी मनात म्हणत होतो, करा बाई, सही करा, मला फळ्यांपासून वाचवा!

गाणं संपलं. बाईंनी पर्समधून पेन काढलं. दादांनी कागद पुढे केलाच नाही.

"बाई, थोडं बसा. दोन वाजू देत."

"का हो?"

"मला सांगवत नाही. तुम्हीच ऐका."

दोन वाजले. खालून घरघर उठली, माझी काच थरथरली, ट्रेमधली धूळ नणंदबाईंच्या केसांवर पडली.

"अगं बाई! हे रोज?"

"रोज. जेवणाची सुट्टी सोडून."

"आणि तुम्ही आम्हाला नेमकं सुट्टीतच बोलावलंत होय!"

"हो. बाई गायल्या नसत्या, तर सहीही घेतली असती."

बाईंनी पेन आत ठेवलं. ओरडल्या नाहीत. जिन्यापाशी थांबून म्हणाल्या, "दादा, दुसऱ्या जागा बघायला याल माझ्याबरोबर? कानासाठी माणूस हवंय."

"डोळ्यांसाठी मी आहेच," नणंदबाई केस झटकत म्हणाल्या.

तिघांनी मिळून बाईंसाठी दुसरी जागा शोधली. तिथे सकाळ, दुपार, संध्याकाळ नुसतं गप्प बसून मगच घेतली. दादांनी लेकीकडे जाण्याआधी बाईंची पहिली गाणी स्वतः रेकॉर्ड केली. जेवून-खाऊन, सावकाश.

मी सुतारांकडे गेलो. आता भिंतींना छतापर्यंत फळ्या लागल्यात आणि काय सांगू, इतका शांत मी जन्मात नव्हतो! अक्कल आली, पण गोदाम झाल्यावर.

तेव्हा माझ्यासारखा कोणी घ्यायला निघालात, तर माइक मागाहून मोजा. विकणाऱ्याला आधी विचारा, "इथली सगळ्यात वाईट वेळ कोणती?" आणि नेमकं त्याच वेळी जा. बरं, माणसं फळ्या घेऊन वर आलीच. सरकतो जरा. म्हणजे, म्हणायचं आपलं.